कोरी गाळणी

डिसेंबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी आली होती. गोव्याचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवरच्या एका जिवंत गरम झऱ्याचे छायाचित्र घेतले होते. नववीतल्या एका मुलीने ते कात्रण वहीत जपून आणले, माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "मॅडम, समुद्राच्या तळाला आग आहे का?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचे गाव खाडीकाठचे. जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा पुरुष जहाजावर, मच्छीमारीवर नाही तर आखातात असतो. त्यामुळे समुद्राची बातमी आमच्याकडे परकी वाटत नाही. त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवला आणि फळ्यावर समुद्राचा तळ काढला.

आग नाही, पाणीच आहे, असे मी मुलांना सांगितले. उन्हवऱ्याच्या नाही तर राजापूरच्या गरम पाण्यात पाय बुडवून आलेली मुले वर्गात होतीच. महासागराच्या तळावरून हजारो किलोमीटर लांबीच्या पर्वतरांगा गेल्या आहेत. तिथे पृथ्वीचे कवच फाटते आणि नवे तयार होते. भेगांतून समुद्राचे थंड पाणी आत झिरपते, खालच्या तप्त खडकाजवळ तापते, खडकातले लोखंड, मँगनीज, तांबे, जस्त विरघळवून घेते आणि पुन्हा वर उसळते. १९७७ मध्ये पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोलीवर, 'अल्विन' नावाच्या छोट्या पाणबुडीतून माणसाने असे झरे पहिल्यांदा पाहिले. १९७९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यापुढे त्याहून कितीतरी गरम, सुमारे ३५० अंश सेल्सियसचे झरे सापडले. एवढ्या तापमानाला पाण्याची वाफ व्हायला हवी. पण वरच्या पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या अडीचशे पट असतो, म्हणून ते पाणीच राहते. हे तापलेले पाणी दोन अंशांच्या आसपास असलेल्या समुद्रात शिरले की त्यातल्या धातूंचे आणि गंधकाचे बारीक काळे कण बनतात. लांबून पाहिले तर कारखान्याच्या धुरांड्यातून धूर निघावा तसे दिसते. म्हणून त्यांना काळी धुरांडी म्हणतात. धूर मात्र त्यात नसतो. तो कणांचा लोट असतो.

हा लोट काहीशे मीटर वर चढतो. चढताना भोवतालचे पाणी ओढून घेतो आणि हजारो पटींनी पातळ होतो. आजूबाजूच्या पाण्याइतकाच जड झाला की चढणे थांबवून तो आडवा पसरू लागतो. उरलेल्या लोखंडाचा पाण्यातल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि त्याचे लालसर कण बनतात. साध्या भाषेत सांगायचे तर तो गंज. गंजाचे हे कण जाता जाता पाण्यातला फॉस्फरस, आर्सेनिक, व्हॅनेडियम अंगाला चिकटवून घेतात. म्हणून समुद्राच्या पाण्यात कुठला पदार्थ किती राहील, यात या कणांचाही हात असतो. उर्दू पुस्तकात कणाला 'जर्रा' म्हणतात. जर्राभर नेकीचा आणि जर्राभर बदीचाही हिशोब होणार आहे हे मकतबात शिकलेली मुले विज्ञानाच्या तासाला तो शब्द आला की जरा सावरून बसतात.

मी पुढे सांगू लागले की शास्त्रज्ञ जहाज घेऊन जातात, तारेला बांधून उपकरणे आणि बाटल्या खाली सोडतात, लोटातले पाणी आणि कण वर आणतात आणि त्यांत लोखंड किती आहे ते मोजतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचा बाप मालवाहू जहाजावर खलाशी आहे. त्याने उर्दूत विचारले ते मराठीत देते. "मॅडम, जहाज तर लोखंडाचं असतं. अब्बा सांगतात, त्यांचं सगळं आयुष्य हातोडीनं गंज खरवडण्यात आणि रंग मारण्यात चाललंय. मग बाटलीत आलेलं लोखंड समुद्राचं की जहाजाचं, हे कळणार कसं?"

वर्ग हसला. मी हसले नाही. एक तर मला उत्तर येत नव्हते. दुसरे म्हणजे हा मुलगा त्याआधी चार महिने माझ्या तासाला एक अक्षर बोलला नव्हता. त्याचे कारण मला माहीत होते. ते मी पुढे सांगणार आहे.

उत्तर शोधायला मला काही दिवस लागले. मिळाले ते इतके चांगले होते की तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही.

२०१३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात 'थॉमस जी. थॉम्पसन' हे अमेरिकी संशोधन जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडून ताहिती बेटाकडे गेले. 'जिओट्रेसेस' या आंतरराष्ट्रीय उपक्रमातली ती सफर होती. वाटेत पॅसिफिकच्या तळावरची एक मोठी पर्वतरांग लागते आणि तिच्यावर गरम झरे आहेत. या झऱ्यांतले लोखंड कुठवर जाते, हा त्या सफरीपुढचा एक मुख्य प्रश्न होता. खुल्या समुद्रात लोखंड किती असते? एक ग्रॅमचे पावणेदोन कोटी भाग केले तर त्यांतला साधारण एक भाग एका लिटरात असतो. पृष्ठभागाजवळ पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. म्हणजे बाहेरून आलेले एक मिलिग्रॅम लोखंड सुमारे अठरा हजार लिटर पाण्याचा हिशोब चुकवू शकते. आणि हे मोजायला निघालेली माणसे हजारो टन लोखंडावर उभी असतात. त्या मुलाचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. शास्त्रज्ञांनाही त्याच प्रश्नाने वर्षानुवर्षे छळले आहे.

त्यांनी काय केले? पोलादी तारेऐवजी कृत्रिम धाग्याचा, प्लास्टिकने मढवलेला दोर वापरला. बाटल्यांना आतून टेफ्लॉनचा लेप दिला. बाटल्या आणि डबे आधी कित्येक दिवस आम्लात भिजवून धुतले. जहाजावर एक वेगळी खोली केली, तिच्यातली हवा गाळून घेतली, हातमोजे आणि खास कपडे घातल्याशिवाय तिथे कुणाला जाऊ दिले नाही. नमाजीला वुजूचे महत्त्व सांगावे लागत नाही. या माणसांच्या कामालाही वुजूशिवाय सुरुवात होत नाही, असे मी मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते लगेच पटले.

पण मला थांबवले ते पुढच्या गोष्टीने. पाण्यातले कण गोळा करण्यासाठी बॅटरीवर चालणारे पंप दोराला बांधून खोल सोडतात. तिथल्या काळोखात ते काही तास पाणी ओढतात. शेकडो लिटर पाणी बारीक गाळण्यांमधून जाते आणि कण गाळण्यांवर राहतात. या गाळण्यांबरोबर आणखी एक गाळणी खाली जाते. तशीच, त्याच जातीची, तशीच धुतलेली. ती छिद्रे असलेल्या डबीत घालून पंपाच्या सांगाड्याला बांधतात. तीही त्याच खोलीवर जाते, तेवढाच वेळ तिथे राहते, त्याच पाण्यात भिजते आणि वर येते. फक्त तिच्यातून पाणी ओढलेले नसते. शास्त्रज्ञ तिला 'ब्लँक' म्हणतात. मी मुलांना 'कोरी गाळणी' असे सांगितले. वर आल्यावर प्रयोगशाळेत तिच्यावरचे लोखंडही मोजतात. ते कधीच शून्य निघत नाही. एवढे धुऊन, एवढी काळजी घेऊनही काही तरी असतेच. ते समुद्राचे नसते; आपल्या हातांचे, हवेचे, डब्यांचे, जहाजाचे असते. तो आकडा लिहून ठेवतात आणि भरलेल्या गाळणीवरच्या आकड्यातून वजा करतात. उरेल तेवढेच समुद्राचे.

माझ्या मनात आले की खरे बोलण्याविषयी आपण मुलांना किती तरी सांगतो, पण हे सांगत नाही. खोटे बोलू नका, डोळ्यांनी पाहिले तेच सांगा, एवढ्यावर आपण थांबतो. पण डोळ्यांनी पाहिलेल्यात आपले स्वतःचे किती मिसळलेले असते? आपण निर्मळ मनाने पाहिले असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने आपली कोरी गाळणी मोजलेली नसते, एवढेच. गाळणीवरच्या लोखंडाच्या कणावर तो कुठून आला हे लिहिलेले नसते. समुद्राचा गंज आणि जहाजाचा गंज दिसायला सारखाच.

हा धडा विज्ञानालाही सहज मिळालेला नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन १९५० च्या दशकात उल्केच्या तुकड्यांतले शिसे मोजून पृथ्वीचे वय काढत होते. आकडे जुळत नव्हते, कारण शिसे सगळीकडून येत होते. हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून, माणसांच्या अंगावरून. त्यांनी प्रयोगशाळा अशी स्वच्छ केली की तशी त्या काळी क्वचितच कुठे असेल. १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या हाती या साफसफाईतून लागली. हे सगळीकडचे शिसे आले कुठून? पुष्कळसे पेट्रोलमधून. शिशाच्या उद्योगाच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत होते की माणसाच्या शरीरात एवढे शिसे नैसर्गिकच आहे. पॅटरसन यांनी १९६५ मध्ये लिहिले की सगळीकडे आढळते म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगात ते शेवटचे बंद झाले २०२१ मध्ये, अल्जीरियात. समुद्रातल्या धातूंची मोजणी १९७० च्या दशकात या स्वच्छ रीतीने होऊ लागली, तेव्हा कित्येक धातूंचे आधीचे आकडे दहापट, शंभरपट फुगलेले निघाले. ते आकडे देणारी माणसे लबाड नव्हती. ती आपलीच धूळ मोजत होती आणि तिला समुद्र म्हणत होती.

आता त्या मुलाविषयी.

ऑगस्ट २०२४ मध्ये विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातून वर्गणी जमली होती. २६ मुलांचे वीस-वीस रुपये, एकूण ५२०. मधल्या सुटीनंतर पाहिले तर टेबलाच्या खणात पैसे नव्हते. सुटीत वर्गात कोण होते? हा मुलगा. मी त्याला उभे केले आणि सगळ्यांसमोर दप्तर रिकामे करायला लावले. फक्त त्याला. दप्तरात काही निघाले नाही. तेव्हा मी थांबायला हवे होते. उलट मी म्हणाले, "कुठे ठेवलेस ते सांग." तो खाली पाहत उभा राहिला. त्याचे गप्प राहणे मी कबुली धरले.

तीन दिवसांनी पैसे सापडले. हजेरीच्या वहीला मी घातलेल्या कव्हराच्या आत, माझ्याच हाताने खोचून ठेवलेले.

मी विचार करू लागले की मी त्याचेच दप्तर का तपासले? तो सुटीत वर्गात होता हे खरे. पण पाणी प्यायला दोन मुली आत येऊन गेल्या होत्या, शिपाई फळा पुसून गेला होता, आणि मी स्वतः टेबलाशी बसले होते. आमच्या गावात खाडीपलीकडच्या वस्तीतल्या पोरांविषयी एक बोलणे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. ते मी इथे लिहीत नाही. तो मुलगा त्या वस्तीतला. मी बी.एड. केले आहे, बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवला आहे, मुलांत भेद करू नये यावर भाषणही देऊ शकते. तरी ते जुने बोलणे माझ्यात कुठे तरी होते आणि ऐन वेळी गाळणीवर उतरले. मला वाटले, मी मुलाला पाहते आहे. मी माझाच गंज पाहत होते.

आपल्या समाजातल्या वाचकांना संशय म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. शहरात भाड्याने घर मागायला जावे, सगळे बोलणे ठरत यावे, मग नाव सांगावे आणि समोरच्याचा चेहरा बदलावा. हा अनुभव मी घेतला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दोनदा घेतला आहे. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले होते, "या लोकांनी आपल्याला पाहिलंच नाही." ते वाक्य मी बरीच वर्षे बाळगून होते. ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो दुसऱ्यावर सहसा अन्याय करणार नाही, असे मला वाटत असे. हजेरीची वही उघडली त्या दिवशी कळले की दुःख सोसल्याने गाळणी आपोआप धुतली जात नाही. ती धुवावी लागते, आणि धुतल्यावरही तिच्यावर किती उरले आहे ते मोजावे लागते.

मी त्या मुलाला शिक्षकांच्या खोलीत बोलावून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काही नाही, मॅडम." मला हलके वाटले. विषय संपला असे मी समजले. त्यानंतर तो चार महिने वर्गात बोलला नाही. हेही हळूहळू निवळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

इथे मला पुन्हा त्या पॅसिफिकच्या सफरीकडे जावे लागते. गरम झऱ्यांतून बाहेर पडणारे लोखंड तोंडाजवळच कण होऊन तळाला बसते, लांब जात नाही, अशी बऱ्याच काळापर्यंत समजूत होती. त्यामुळे महासागराच्या हिशोबात त्याला फारशी किंमत नव्हती. २००९ मध्ये ब्रँडी टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लोटातले काही लोखंड सेंद्रिय कार्बनच्या सोबतीने राहते आणि त्यामुळे त्याचा चटकन गंज होत नाही. मग २०१३ च्या सफरीतले आकडे आले. जोसेफ रेझिंग आणि सहकाऱ्यांनी ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या झऱ्यांचे लोखंड ४,००० किलोमीटरहून लांब गेलेले आढळले. ते झऱ्याचेच हे कशावरून? हीलियम-३ वरून. हा वायू पृथ्वीच्या पोटातून त्याच झऱ्यांतून येतो, कशाशी संयोग पावत नाही, कुठल्या कणाला चिकटत नाही. पाण्याबरोबर फक्त पातळ होत जातो. लोखंडाची त्याच्याशी तुलना केली की वाटेत किती गळाले आणि किती टिकले ते कळते. २०१७ मध्ये जेसिका फिट्झसिमन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे लोखंड वाटेत विरघळलेल्या रूपातून कणांत आणि कणांतून पुन्हा पाण्यात जात-येत राहते, आणि हीलियमच्या मानाने हळूहळू खाली उतरते. म्हणजे ते रूप बदलते, पातळ होते, दिसेनासे होते. पण नाहीसे होत नाही.

मी केलेला आरोप वर्गात केला होता, माफी बंद खोलीत मागितली होती. आरोप २५ मुलांबरोबर २५ घरी गेला होता. प्रदर्शन संपल्यावर कुणी त्याची आठवणही काढत नव्हते, म्हणून तो विरून गेला असे मी धरून चालले. मुलाच्या प्रश्नानंतर त्याच आठवड्यात मी त्याच्या आईला भेटायला गेले. तिने चहा दिला. तक्रार केली नाही. मी दोनदा विचारल्यावर सांगितले की वाण्याच्या दुकानात पोरगा एकटा उभा राहिला तर आता दुकानदार गल्ल्याजवळून हलत नाही. धाकट्या बहिणीला दुसऱ्या शाळेत कुणी तरी काही तरी म्हणाले. बापाला बोटीवर फोनवरून कळले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न पोराला विचारला, "तू खरंच नाही ना घेतले?" हे सांगताना तिचा आवाज जरासा बदलला. मुलाने शाळेत गप्प राहायला सुरुवात केली ती माझ्यामुळे. घरात गप्प राहायला सुरुवात केली ती त्या प्रश्नामुळे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभी राहून सांगितले की ते पैसे माझ्या वहीत होते, चूक माझी होती, आणि मी फक्त एकाचे दप्तर तपासले ही त्याहून मोठी चूक होती. पालकसभेतही हेच सांगितले. सभेनंतर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "बेटी, एवढं करायची गरज नव्हती, शिक्षकाचा मान जातो." मान किती गेला मला ठाऊक नाही. पण आरोप जितका लांब गेला तितके लांब माफीला चालत जावेच लागते, असे मला वाटते. ती तिथवर पोचली की नाही हे मोजायला माझ्याजवळ हीलियमसारखा काही मापदंड नाही.

यावर एक आक्षेप निघू शकतो, आणि तो योग्यही आहे. प्रत्येकाच्या नजरेत त्याचा गंज मिसळलेला असतो, तर मग कुणी काही बोलायचेच नाही का? चोरी झाली तर चोर म्हणायचे नाही, अन्याय झाला तर अन्याय म्हणायचे नाही? 'तुमच्याही मनात पूर्वग्रह आहेत' असे म्हणून साक्षीदाराचे तोंड बंद करणारे लोक आपण रोज पाहतो. पण कोरी गाळणी गप्प बसण्यासाठी नसतेच. ती नसती तर शास्त्रज्ञांना घरी बसावे लागले असते. ती होती म्हणून ते ठामपणे सांगू शकले की हे लोखंड समुद्राचे आहे. पॅटरसन यांनी आधी स्वतःच्या खोलीतले शिसे मोजले, म्हणून पुढे मोठ्या उद्योगासमोर त्यांचा शब्द टिकला. आपला वाटा वजा करून दिलेली साक्ष लहान होते खरी, पण तिला वजन येते. मला घर नाकारले गेले तो अन्याय होता, हे मी आजही म्हणते. माझे सगळे वजा करून पाहिले तरी तो उरतो.

आणखी एक विचार या बातमीतच आहे. हिंदी महासागरातल्या या झऱ्यांजवळ धातूंचे साठे आहेत. त्यांच्या शोधासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी करार केला. २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेसाठी आणखी एक करार झाला. हे करार शोधाचे आहेत, खाणीचे नव्हेत. पण शोधाच्या मागे खाणीचा विचार असतो. याच महासागरातल्या 'कैरेई' नावाच्या झऱ्यांवर २००१ मध्ये एक गोगलगाय आढळली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांत लोखंड आणि गंधक आहे. लोटातले लोखंड अंगावर चिलखतासारखे वागवणारा हा जीव आणखी मोजक्याच ठिकाणी सापडला आहे. २०१९ मध्ये, समुद्रतळावर खाणी निघतील या धोक्यामुळे, तिचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या लाल यादीत आले. खाण झाली तर तीही कणांचा लोट उठवील. तो कुठवर जाईल हे सांगायचे असेल तर आज, आपण काही करण्याआधी, तिथल्या पाण्यात कण किती आहेत हे मोजून ठेवायला हवे. नाही तर उद्या आपण केलेल्या धुळीला कुणी तरी नैसर्गिक म्हणेल, आणि खोडून काढायला कुणाजवळ आकडा नसेल. शिशाच्या बाबतीत हेच झाले होते. देशाला धातू हवे आहेत, मला ते मान्य आहे. पण वर्गातल्या ५२० रुपयांपासून समुद्राच्या तळापर्यंत हिशोबाची पहिली ओळ एकच आहे: यात माझे किती?

जाणाऱ्या कणांबरोबर वाईटच जाते असे मात्र नाही. दक्षिण महासागरात पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना लोखंडाची सदा टंचाई असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की तिथल्या खोल झऱ्यांचे लोखंड वर येते तिथे या वनस्पती भरभरून वाढतात. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातल्या अशा वनस्पती आणि जीवाणू देतात. कुठे तरी काळोखात निघालेला जर्रा कुठे तरी उजेडात कुणाच्या श्वासाच्या कामी येतो. मुलाला दिलेली शाबासकी अशीच कुठवर जात असेल, हेही आपण मोजलेले नाही.

शास्त्रज्ञांच्या पद्धतीतली शेवटची गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. गेल्या वर्षीच्या सफरीतली कोरी गाळणी या वर्षी चालत नाही. जहाज बदलते, दोर बदलतो, हात बदलतात. दर सफरीला नव्या कोऱ्या गाळण्या खाली सोडाव्या लागतात आणि नव्याने मोजाव्या लागतात. मी एकदा माफी मागितली म्हणून आता माझी नजर साफ झाली, असे समजण्याचा हक्क मला नाही. या वर्षी वर्गात खाडीपलीकडची चार मुले आहेत.

तो मुलगा आता दहावीत आहे. मी शोधून आणलेले उत्तर त्याला वर्गातच सांगितले होते. त्याने पूर्ण ऐकून घेतले आणि मग विचारले, "पण मॅडम, कोऱ्या गाळणीवर लोखंड आहे हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं?" मी म्हणाले, "हो. आकड्यासकट छापलं." तो खाली बसला आणि त्याने वहीत काही तरी लिहून घेतले.